शिळ्याचे मानकरी

अन्न वाया घालवू नये, याबद्दल या जगात कुणाचंच दुमत नाही. दुमत आहे ते, वाया जाऊ नये म्हणून ते खायचं कुणी, एवढ्याच बारीकशा मुद्द्यावर. आणि गंमत अशी, की त्या मुद्द्यावर आमच्या घरात कित्येक वर्षं कधी चर्चाच झाली नाही. जेवणं होतात, मंडळी हात धुवायला उठतात, कढईच्या तळाशी चार चमचे भाजी आणि पातेल्याच्या कडेला दोन मुठी भात राहतो, आणि बाहेरच्या खोलीतून बडीशेप चघळत एक प्रेमळ आवाज येतो, "अगं, एवढंसंच तर उरलंय, खाऊन टाक!"

'खाऊन टाक'! मराठी भाषेच्या नेमकेपणाला माझा इथूनच दंडवत. या दोन शब्दांत खाणंही आहे आणि टाकणंही आहे. फक्त टाकायची जागा कचऱ्याचा डबा नसून बाईमाणसाचं पोट, एवढाच काय तो फरक. पुरुषाला कुणी 'खाऊन टाक' म्हणत नाही. त्याला 'खाऊन घ्या' म्हणतात. घेणारे ते आणि टाकणाऱ्या आम्ही!

हा विषय आज काढायचं कारण असं, की शाश्वत जीवनशैली आता आमच्या मिरजोळ्यालाही येऊन पोचली आहे. आमचं मिरजोळे म्हणजे रत्नागिरी शहराला खेटून असलेलं गाव. इकडे आंब्याची कलमं, तिकडे एमआयडीसीतले कारखाने, जवळच विमानतळाची धावपट्टी. त्यामुळे नवीन काही निघालं, की ते आमच्याकडे फार दिवस वाटेत थांबत नाही. परवा एका मंडळाने 'अन्नाची नासाडी टाळा' या विषयावर व्याख्यान ठेवलं. व्याख्याते चांगले बोलके होते. पडद्यावर चित्रं दाखवत होते. बोलता बोलता रंगात आले आणि हात उंचावून म्हणाले, "आपल्या आज्या-पणज्यांच्या स्वयंपाकघरात कचऱ्याचा डबाच नव्हता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारची एक म्हातारी मात्र टाळी वाजवेना. मला कोपराने ढोसून म्हणाली, "डबा कशाला हवा होता मेला? आम्ही होतो की!"

तासाभराच्या व्याख्यानात जे आलं नाही, ते तीन शब्दांत आलं. आम्ही होतो की!

माझं भांडण नेमकं इथे आहे. अन्न वाचवण्याशी माझं काडीचंही वैर नाही. किलोभर तांदूळ पिकवायला सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागतं म्हणतात. मे महिन्यात विहिरीचा तळ बघणाऱ्या कोकणातल्या माणसाला हा आकडा समजावून सांगायला चित्रं लागत नाहीत. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्या काळात शाळेत जाणारी आमची पिढी. आमच्या ताटात शीत राहिलं तर झोप लागत नाही. भांडण आहे ते 'जुन्या काळी काही वाया जात नसे' या गोड वाक्याशी. कारण त्या वाक्यात दोन निरनिराळी खाती एकाच वहीत घुसडलेली आहेत. एक आहे कसबाचं खातं आणि दुसरं सोसण्याचं.

कसबाचं खातं उघडलंत तर मीही तुमच्याबरोबर टाळ्या वाजवीन. कोकणातल्या बाईने एका फणसाचं काय काय केलं ते बघा. कोवळा असताना त्याची कुयरीची भाजी, जून झाल्यावर तळलेले गरे, पिकल्यावर सांदणं आणि साठं. आठळ्या पावसाळ्यासाठी राखून ठेवायच्या, साल गुरांना. कोकमाची सोलं वाळवली, आगळ भरून ठेवलं, आणि राहिलेल्या बियांचं मुठेल काढलं. थंडीत टाचांना भेगा पडल्या, की ते हजर. दोडक्याची भाजी झाली, की शिरांची चटणी. तूप कढवलं, की बेरीत साखर घालून पोरांच्या हातावर. नारळाच्या करवंटीचा डाव आणि सोडणं पाणी तापवायला. तांदळाचं धुवण गाईला आणि भांड्यांचं खरकटं पाणी माडाच्या आळ्यात. ही कारागिरी आहे. हिला शाश्वत म्हणा, पर्यावरणपूरक म्हणा, हवं तर सत्कार करून शाल-श्रीफळ द्या. नारळ तेवढा सोललेला द्या, म्हणजे सोडणं तुमच्याकडेच राहतील.

पण दुसरं खातं निराळं. कालची आमटी, परवाची उसळ, करपलेली पोळी, पोराने अर्धवट टाकलेला पोह्यांचा वाडगा, पाहुणे येणार म्हणून केलेलं आणि ते न आल्यामुळे राहिलेलं सगळं. यात कारागिरी कसली? यात फक्त शेवटी जेवायला बसणारं एक माणूस होतं. घरातल्या सगळ्यांचा अंदाज चुकायचा आणि त्या चुकांची बेरीज एकाच ताटात व्हायची. वरून त्या ताटाला म्हणायचं काय, तर काटकसर!

माझं साधं म्हणणं असं आहे, की भूक नसताना खाल्लेलं अन्न हे वाचवलेलं अन्न नव्हेच. ते जागा बदलून टाकलेलं अन्न. कचऱ्याच्या डब्याला निदान मधुमेह होत नाही.

आता थोडे आकडे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली एक अहवाल काढला. त्यात २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा हिशेब आहे. आणि त्यातलं ६० टक्के हॉटेलांतून नव्हे, लग्नाच्या मांडवातून नव्हे, तुमच्या-माझ्या घरांतून गेलं. भारतातल्या घरांमध्ये माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो, आणि जगाची सरासरी ७९ किलो. एखाद्या यादीत आपण मागे आहोत याचा आनंद व्हावा, असा हा विरळा प्रसंग. तरी ५५ किलो म्हणजे माणशी रोजचे दीडशे ग्रॅम झाले, साली-देठं धरून. पाच माणसांच्या घरात रोजचं पाऊण किलो! हे सगळं कचऱ्याच्या डोंगरावर जाऊन हवेवाचून कुजतं, त्यातून मिथेन वायू निघतो. हवा तापवणारे जे वायू जगभर निघतात, त्यांतले आठ ते दहा टक्के वाया गेलेल्या अन्नापायी, असं हाच कार्यक्रम सांगतो. तेव्हा दुखणं खरं आहे, त्यात शंका नाही.

पण हा तराजू डब्यात पडलेलं वजन करतो. पोटात टाकलेलं तो मोजत नाही. ते मोजायचं तर दुसरा अहवाल उघडावा लागतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं आणि २४ टक्के जणींचं वजन प्रमाणाबाहेर. म्हणजे शंभरात सत्तावन्न जणींना हवं ते मिळत नाही आणि चोवीस जणींना नको तितकं मिळतं. याचं सगळं खापर मी फोडणीच्या भातावर फोडत नाही. कारणं पुष्कळ असतील. पण कढईच्या तळाशी काय उरतं आणि काय उरत नाही, हे मी जन्मभर बघत आले आहे. भात उरतो. पोळीचे तुकडे उरतात. पालेभाजी, फळाची फोड, माशाची चांगली तुकडी कधी उरलेली पाहिली आहे तुम्ही? उरतं ते पोट भरणारं आणि संपतं ते रक्त भरणारं.

बरं, उरतं तरी का? व्याख्यात्यांच्या मते गृहिणीचा अंदाज चुकतो म्हणून. माझ्या मते अन्न वाया जाण्याचं मूळ एका छोट्याशा शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'बघू'.

"संध्याकाळी जेवायला आहात ना?"

"बघू."

"डबा नेणार की कँटीनला जेवणार?"

"बघू गं आयत्या वेळी."

"तुमचे मित्र थांबणार आहेत का जेवायला?"

"आता ते कसं विचारू? बघू."

आता सांगा, 'बघू'ला तांदूळ किती वाट्या घ्यायचे? कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली वाटी-चमच्याचं माप घरोघरी नेलं, पण 'बघू'चं माप कुठल्याही पुस्तकात नाही. कमी पडलं तर घराण्याची अब्रू जाते, म्हणून बाई दोन वाट्या जास्तच घेते. मंडळी बाहेरून वडापाव खाऊन येतात. आणि रात्री साडेदहाला तो सगळा 'बघू' पातेल्यात तसाच बसलेला असतो. 'खाऊन टाक' म्हणत नाही, नुसता बघतो.

'बघू'चा थोरला भाऊ म्हणजे 'मी शिळं खात नाही'. हे वाक्य पुष्कळ पुरुष एखादी पदवी सांगावी तशा स्वरात सांगतात. आमच्या नात्यातले एक बुजुर्ग तर ओळख करून देतानाच सांगत, "मी अमुक अमुक, शिळं खात नाही." लोकही कौतुकाने बघत. पण मला सांगा, ज्या घरात एक माणूस शिळं खात नाही, त्या घरात दुसरं माणूस त्याच्या वाटणीचंही खात असतं, हे साधं त्रैराशिक नाही का? तरी धर्माने एक सोय करून ठेवली आहे. श्रावणात शिळासप्तमी येते. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही आणि सगळ्यांनी शिळं खायचं. वर्षातून एक दिवस शिळ्याचा मान सगळ्या घराला. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची जागा आमच्याकडे बिनविरोध!

यावर उपाय म्हणून घरात फ्रिज आला. फ्रिज म्हणजे थंड हवेचं जिल्हा कोर्ट. उरलेलं अन्न आत दाखल करायचं, वर बशी झाकायची आणि पुढली तारीख द्यायची. एकेक वाटी महिनोन् महिने निकालाची वाट बघत पडलेली असते. मूळ फिर्याद कशाची होती, तेही कुणाला आठवत नाही. शेवटी निकाल ठरलेलाच. फरक इतकाच, की पूर्वी ताजं टाकायला जीव व्हायचा नाही, आता आठ दिवस ठेवून, वीज खर्चून, निर्धास्तपणे टाकता येतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, आमची वीज गेली, आणि फ्रिजातला सगळा माल एकदम उघड्यावर आला. सतरा वाट्या निघाल्या! त्या दिवशी मात्र घरातल्या सगळ्यांनी शिळं खाल्लं. दुसरं काही नव्हतंच. कुणाला काही झालं नाही. कुणाची पदवीही परत घेतली गेली नाही.

तिथे मला युक्ती सापडली. आमच्या ह्यांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली. आधी आलेला माल आधी बाहेर, हा त्यांचा गायत्रीमंत्र. एक नट जास्त मागवला गेला तर हे साहेबाशी वाद घालत. मी म्हटलं, "निवृत्त झालात, वेळ जात नाही म्हणता. फ्रिजचा चार्ज घ्या."

"म्हणजे काय करायचं?"

"आवक-जावक बघायची. आणि जो माल पडून राहील, तो चार्ज असलेल्या माणसाने खायचा."

शेवटचं कलम ह्यांनी नीट ऐकलं नसावं, कारण मोठ्या उत्साहाने वही आखली. आमटी, वाटी एक. भात, वाडगा एक. पोळ्या, नग तीन. पहिल्या आठवड्यात हे शांत होते. दुसऱ्या आठवड्यात जरा बारीक चेहऱ्याने म्हणाले, "अगं, तू एवढं करतेस कशाला?"

तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून मी या प्रश्नाची वाट बघत होते! जो शिळं खातो, त्यालाच ताजं किती करावं हे कळतं. आजवर रांधणं माझ्याकडे, उरवणं सगळ्यांकडे आणि संपवणं पुन्हा माझ्याकडे होतं. त्यामुळे उरवणाऱ्यांना कधी झळच लागली नाही. आता घरात 'बघू' बंद आहे. सकाळी नऊपर्यंत 'हो' आलं नाही, तर ते 'नाही' धरायचं. चिरंजीव पुण्याहून येतात तेव्हा कोल्हापूर सोडायच्या आधी फोन येतो, "बाबा, मी जेवायला आहे, लिहून घ्या." उरलेलं आता शेवटच्या पंगतीला राहत नाही. पहिल्या वाढीला येतं आणि सगळ्यांच्या पानात थोडं थोडं पडतं. दोन चमचे आमटी पाच पानांत वाटली, की ती शिळी राहत नाही, तोंडीलावणं होते. गुरुवारी रात्री चूल बंद. फ्रिजात असेल ते पाटावर. तिला आम्ही शिळासप्तमीच म्हणतो, तिथी बघत नाही.

मात्र यात शौर्य दाखवायचं नाही, हेही आम्ही ठरवलं आहे. आंबलेलं, बुरसटलेलं अन्न 'अन्नाचा अपमान नको' म्हणून पोटात ढकलणं हा पोटाचा अपमान आहे. भाताचं तर फारच सांभाळावं लागतं. शिजवलेल्या भातातसुद्धा एका जंतूचं बी जिवंत राहतं. भात आमच्याकडच्या दमट हवेत ओट्यावर पडून राहिला, की ते वाढतं आणि असं विष तयार करतं, की मग कितीही फोडणी घाला, ते जात नाही. म्हणून उरलेला भात तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रिजात, आणि दुसऱ्याच दिवशी एकदा चांगला वाफाळून संपवायचा. नाहीच संपला तर परसातल्या खड्ड्यात पाला घालून त्याचं खत. गाय गेली, गोठ्यात स्कूटर आली, पण स्कूटर धुवण पीत नाही. माड मात्र अजून आहे आणि त्याला शिळ्या-ताज्याचं वावडं नाही. खराब झालेलं टाकण्यात पाप नाही. पाप आहे ते खराब होईपर्यंत कुणीच न विचारण्यात.

कुणी म्हणेल, घरातल्या दोन चमचे आमटीवरून केवढं हे रामायण! पण १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला सोमवारी रात्रीचं एक जेवण सोडायला सांगितलं, तेव्हा ते 'बायकांनो, तुम्ही सोडा' असं म्हणाले नव्हते. सगळ्या घराला सांगितलं होतं, म्हणून हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद राहिली. त्याग वाटून घेतला, की त्याची चळवळ होते. एकीच्याच गळ्यात घातला, की त्याचं वळण होतं आणि मग लोक त्याला 'संस्कृती' म्हणून टाळ्या वाजवतात. तेव्हा व्याख्यानं जरूर द्या, फक्त ती स्वयंपाकघराकडे तोंड करून देऊ नका. बाहेरच्या खोलीत बडीशेप चघळणाऱ्यांकडे जरा वळा.

आमच्या सासूबाई आता नव्वदीला टेकल्या आहेत. जन्मभर त्यांनी सगळ्यांच्या मागून खाल्लं आणि उरलेलं खाल्लं. हल्ली पहिली वाफाळती भाकरी त्यांच्या पानात पडते. पहिले काही दिवस त्या अर्धी भाकरी पदराखाली झाकून ठेवत, उद्याला म्हणून. परवा मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "अगो, कालची भाकरी खाल्लीन कोणी?"

"तुमच्या मुलाने."

त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "का गो? बरं नाही का त्याला?"

मी म्हटलं, "सासूबाई, काळजी करू नका. आता कुठे बरं वाटायला लागलंय!"